घरच्या डेकवर नागपूरची टूर्नामेंट: गावातून खेळायला निघणाऱ्यांसाठी

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ खेळणारे आम्ही चौघं आहोत. मी, माझा धाकटा भाऊ आणि शेजारच्या गल्लीतले दोघं. संध्याकाळी कापसाच्या गंजीशेजारच्या ओट्यावर सतरंजी टाकून खेळतो. पहिल्यांदा नागपूरला टूर्नामेंटला निघाले तेव्हा आबाजींनी पिशवीतला डबा उघडून पाहिला आणि विचारलं, “काहून बाई, पत्ते घेऊन नागपूरले चालली? पैसे लावाचे पत्ते तं नाहीत ना हे?” पोळ्याला आणि दिवाळीला गावोगाव जुगाराचे फड बसतात, त्यामुळे त्यांची काळजी खरी होती. मी त्यांना समोर बसवून एक डाव दाखवला. प्रवेश फी एकदाच भरायची, पैज लावायची नाही, आणि पैज लावणाऱ्याला पंच बाहेरही काढू शकतात, हेही सांगितलं. घरातून निघण्याआधी हे बोलून घ्या. घरच्यांना फसवून गेलेल्याचं लक्ष खेळात राहत नाही.

घरचा डेक म्हणजे इंटरनेटवरून जिंकलेल्या खेळाडूची यादी न उचलता आपण स्वतः जुळवलेला डेक, म्हणजे खेळायच्या कार्डांचा गठ्ठा. घरी छापलेली कार्डं असा त्याचा अर्थ नाही. अधिकृत टूर्नामेंटमध्ये छापील नक्कल चालत नाही. खेळताखेळता एखादं कार्ड खराब झालं तर बदली कार्ड देण्याचा अधिकार फक्त पंचाला असतो. सरावासाठी मात्र कागदाची चिठ्ठी साध्या कार्डावर ठेवून स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लास्टिकच्या खोळीत सरकवा, त्यात काही गैर नाही. आमचा अर्धा सराव तसाच होतो.

खेळाचे मूळ नियम तुम्हाला येतात असं धरून पुढे लिहिते.

आधी फोन, मग डेक

सगळ्यात आधी टूर्नामेंट घेणाऱ्या दुकानाला फोन करा. चार प्रश्न विचारा: फॉरमॅट (कोणती कार्डं चालतील याचा नियम) कोणता, किती जण येतील, फेऱ्या किती, सुरू किती वाजता होणार. फॉरमॅट न विचारता डेक बनवणं म्हणजे जमीन न पाहता बियाणं आणणं. कमांडर फॉरमॅटला १०० कार्डं लागतात आणि बेसिक लँड (कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा देणारी साधी जमिनीची कार्डं) सोडली तर एक कार्ड एकदाच चालतं. स्टँडर्डमध्ये फक्त अलीकडचे संच चालतात, म्हणजे आज घेतलेली कार्डं काही काळाने बाद होतात. गावातल्या खेळाडूने सुरुवात पॉपर फॉरमॅटने करावी असं माझं ठाम मत आहे.

पॉपरमध्ये फक्त कॉमन, म्हणजे सहज मिळणारी कार्डं चालतात. कोणत्याही संचात एकदा तरी कॉमन म्हणून छापलेलं कार्ड चालतं, प्रतिबंधित यादीत नसलं की झालं. २०१९ साली या फॉरमॅटला अधिकृत मान्यता मिळाली आणि २०२२ पासून प्रतिबंधाचे निर्णय सुचवण्यासाठी एक वेगळं मंडळ काम करतं. यादी बदलत राहते, म्हणून कार्डं मागवण्याआधी एकदा आणि निघायच्या आदल्या रात्री एकदा ती पाहा. डेक किमान ६० कार्डांचा, एका नावाची जास्तीत जास्त ४ कार्डं, बेसिक लँड हवी तेवढी, आणि साइडबोर्ड, म्हणजे एका सामन्यातल्या दोन डावांच्या मध्ये बदलून घालायची राखीव कार्डं, १५ पर्यंत. बहुतेक कॉमन कार्डं चहा-समोशाच्या भावात येतात आणि वर्षानुवर्षं चालतात. ज्या घरात वर्षाचा हिशेब कापसाच्या भावावर ठरतो, तिथे हा मुद्दा मोठा आहे.

दुकानात पॉपर होतच नसेल तर प्री-रिलीज विचारा. नवा संच बाजारात येण्याच्या आधी हा कार्यक्रम होतो. सहा पाकिटं तिथेच फोडायची आणि त्यातून ४० कार्डांचा डेक तिथेच बांधायचा. सगळेच तिथे बसून डेक बांधतात, त्यामुळे घरी मोठा संग्रह असलेला आणि नसलेला एका रांगेत येतात. फी मात्र जास्त असते.

एका वाक्यातला डेक

माझा पहिला डेक ७२ कार्डांचा, तीन रंगांचा होता. आवडलेलं प्रत्येक कार्ड त्यात होतं. त्या दिवशी मी चारही फेऱ्या हरले. परत येताना एसटीत बसून विचार केला तेव्हा कळलं की माझा डेक काय करतो हे मला एका वाक्यात सांगता येत नव्हतं.

घरच्या डेकची कसोटी हीच. ‘हा डेक अमुक करून जिंकतो’ हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा. माझ्या आताच्या डेकचं वाक्य असं: समोरच्याला निशाणा धरता न येणारा छोटा प्राणी पुढे करायचा, त्याला ताकद चढवायची आणि त्याचं २० लाइफ (जीवाचे गुण) संपेपर्यंत मारत राहायचं. प्रत्येक कार्डाला विचारायचं की या वाक्यात तुझं काम काय. उत्तर आलं नाही तर कार्ड बाहेर.

पूर्ण यादी देते. ती उतरवून घ्या म्हणून देत नाही. एकेक कार्ड का आलं हे कळावं म्हणून देते. ४ स्लिपरी बोगल, ४ ग्लेडकव्हर स्काउट, ४ सिल्हाना लेजवॉकर, ४ यंग वुल्फ, ४ नेटल सेंटिनल, ४ लॅनोवर एल्व्ह्ज, ४ रँकर, ४ व्हाइन्स ऑफ व्हास्टवुड, ४ जायंट ग्रोथ, ४ सॅव्हेज स्वाइप, ३ अँसेस्ट्रल मास्क आणि १७ फॉरेस्ट. एकूण ६०. सगळा हिरवा.

बोगल, स्काउट आणि लेजवॉकर हे बाराही हेक्सप्रूफ आहेत. समोरच्याला त्यांच्यावर निशाणा धरून काहीच टाकता येत नाही. लेजवॉकरला तर उडणाऱ्या प्राण्यांशिवाय कोणी अडवूही शकत नाही. त्यांच्यावर रँकर चढवला की ताकद २ ने वाढते आणि ट्रॅम्पल मिळतं, म्हणजे अडवणाऱ्या प्राण्याला मारून उरलेला मार समोरच्या खेळाडूला लागतो. प्राणी मेला तरी रँकर हातात परत येतो. इथे एक बारीक नियम आहे आणि त्यावर मी एक सामना गमावला आहे. रँकर मैदानावरून स्मशानात (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) गेला तरच परत येतो. तुम्ही तो लॅनोवर एल्व्ह्जवर टाकत असताना समोरच्याने मध्येच ते एल्व्ह्ज मारले, तर रँकर मैदानावर पोचतच नाही, थेट स्मशानात जातो आणि तिथेच राहतो. हेक्सप्रूफ प्राण्याच्या बाबतीत ही भीती जवळजवळ नाही. म्हणून माझा रँकर नेहमी बोगलवर किंवा त्याच्या भावंडांवर.

मग यंग वुल्फ कशाला? कारण हेक्सप्रूफला एक औषध आहे: ज्याचा त्यालाच प्राणी बळी द्यायला लावणारी काळी कार्डं. ती निशाणा प्राण्यावर धरत नाहीत, खेळाडूवर धरतात. मैदानावर एकटा सजवलेला बोगल असेल तर तोच जातो आणि सगळा डाव संपतो. शेजारी यंग वुल्फ असेल तर मी वुल्फ देते, आणि तो +१/+१ काउंटर घेऊन, म्हणजे एकेने जास्त बळकट होऊन परत येतो. हे कार्ड मला सलग तीन सामने काळ्या डेककडून हरल्यावर सुचलं. घरच्या डेकची खरी मजा मला इथे वाटते. प्रत्येक कार्डामागे एक हरलेला डाव आहे, आणि तो मला आठवतो.

व्हाइन्स ऑफ व्हास्टवुडचा एक उपयोग अनेकांच्या ध्यानात येत नाही. ते आपल्या प्राण्याला वाचवतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते समोरच्याच्या प्राण्यावरही टाकता येतं. तो आपल्या प्राण्यावर ताकदीचं कार्ड टाकत असेल तेव्हा मध्येच त्या प्राण्यावर व्हाइन्स टाका. त्या वळणापुरता (टर्नपुरता) त्याला स्वतःच्याच प्राण्यावर निशाणा धरता येत नाही आणि त्याचं कार्ड वाया जातं.

हिशेब

घरचा डेक बांधणारे बहुतेक जण इथे कच्चे राहतात. वहीत आकडे मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

६० कार्डांत एखादं कार्ड एकच ठेवलं तर पहिल्या ७ कार्डांत ते येण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के. चार ठेवली तर निदान एक येण्याची शक्यता ४० टक्के. एकाच कामाची आठ कार्डं ठेवली तर ६५ टक्के, बारा ठेवली तर ८१ टक्के. माझे हेक्सप्रूफ प्राणी बारा का आहेत याचं उत्तर या आकड्यात आहे. ज्या कामावाचून डेक चालूच शकत नाही, ते काम करणारी कार्डं बारा हवीत, मग नावं वेगळी असली तरी चालेल. ‘एखादं असू द्या, कामी येईल’ म्हणून ठेवलेलं एकुलतं कार्ड दहातल्या जवळपास नऊ डावांत सुरुवातीच्या हातात दिसणार नाही.

६० च्या वर एकही कार्ड का नको, तेही यातूनच कळतं. प्रत्येक जादा कार्ड तुमच्या चांगल्या कार्डाला मागे ढकलतं.

आता लँड. १७ लँड असलेल्या डेकमध्ये पहिल्या हातात एकही लँड नसणं किंवा एकच असणं, याची शक्यता ३५ टक्के आहे. २० लँड असतील तर २५ टक्के, २४ असतील तर १४ टक्के. माझं जवळजवळ प्रत्येक कार्ड एका-दोन मानात (लँड देते त्या ऊर्जेत) चालतं आणि एल्व्ह्ज मदतीला आहेत, म्हणून मी १७ वर राहते. तुमच्या डेकमध्ये चार-पाच मानाची कार्डं असतील तर १७ वर राहणं म्हणजे पावसाचा अंदाज न घेता धूळपेरणी करणं. तेव्हा २२ ते २४ लँड ठेवा. दोन रंग असतील तर दोन्ही रंगांची चिन्हं मोजा आणि त्या प्रमाणात लँड वाटा. तीन रंग पहिल्या टूर्नामेंटला करू नका.

हात वाईट आला तर बदलता येतो. २०१९ पासूनचा नियम असा की दरवेळी पुन्हा ७ कार्डं घ्यायची आणि जितक्यांदा बदलला तितकी कार्डं डेकच्या तळाशी ठेवायची. दुबार पेरणीसारखं आहे हे, खर्च होतो पण हंगाम वाचतो. उदाहरण घ्या. तुम्ही दुसऱ्या क्रमांकाने खेळताय, हातात एकच लँड आहे, एल्व्ह्ज नाहीत. पुढच्या दोन कार्डांत दुसरी लँड येण्याची शक्यता, १७ लँडच्या डेकमध्ये, ५२ टक्के. म्हणजे जवळपास नाण्याची उडवाउडव. मी असा हात बदलते. एल्व्ह्ज आणि एक बोगल सोबत असेल तर ठेवते.

कार्डं मिळवणं आणि तपासणं

पाकिटं फोडून डेक बनत नाही. सुटी कार्डं मागवा. चार-पाच जणांनी एकत्र यादी केली तर कुरिअरचा खर्च वाटला जातो. आमच्याकडे पार्सल पोचायला दिवस लागतात आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की आणखी लागतात, म्हणून टूर्नामेंटच्या निदान तीन आठवडे आधी मागवा.

यात्रेत आणि किराणा दुकानात पोकेमॉनची चकाकती सोनेरी प्लास्टिकची कार्डं मिळतात ती नकली असतात, हे आता पोरांनाही माहीत आहे. मॅजिकची नकली कार्डं मात्र दिसायला अस्सल वाटतात. सोनाराकडे असतं तसं भिंग घ्या. कार्डाच्या मागच्या बाजूला पाच रंगांचे ठिपके आहेत, त्यातल्या हिरव्या ठिपक्यात पाहा. अस्सल कार्डात चार बारीक लाल ठिपके इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकारात दिसतात.

कॉमन कार्ड ओळखायचं तर संचाचं चिन्ह काळं असतं. चंदेरी म्हणजे अनकॉमन, सोनेरी म्हणजे रेअर. पण १९९८ च्या आधीच्या संचांत सगळीच चिन्हं काळी होती, तेव्हा जुन्या कार्डावर फक्त रंग पाहून विश्वास ठेवू नका, नाव शोधून खात्री करा.

स्लीव्ह मॅजिकच्या मापाचीच घ्या. कार्ड ६३ गुणिले ८८ मिलिमीटरचं असतं. यु-गि-ओच्या लहान कार्डांसाठीच्या स्लीव्ह वेगळ्या येतात, त्यात मॅजिकचं कार्ड बसत नाही. डेक आणि साइडबोर्ड मिळून ७५ लागतात, तर १०० घ्या आणि उरलेल्या २५ सोबत ठेवा. एखादीचा कोपरा दुमडला तर ते कार्ड पाठीमागून ओळखू येतं, आणि पंच त्याला खुणेचं कार्ड मानतात, मग तुमचा हेतू काहीही असो.

चकाकत्या फॉइल कार्डांबद्दल खास विदर्भातल्यांसाठी सांगते. हवेतला ओलावा बदलला की फॉइल वाकतं. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत, आणि त्याच खोलीत कूलर सुरू केला की दमट. माझी फॉइल कार्डं कूलरसमोरच्या फळीवर एका उन्हाळ्यात धनुष्यासारखी वाकली. वाकलेलं कार्ड डेकमध्ये लगेच दिसतं, तेही खुणेचंच ठरतं. टूर्नामेंटच्या डेकमध्ये फॉइल ठेवूच नका. आणि सगळीच कार्डं घट्ट झाकणाच्या डब्यात, कूलरपासून दूर ठेवा.

ओट्यावरचा सराव

पहिले वीस डाव एकट्याने खेळा. समोर कोणी नाही असं समजून २० लाइफ कितव्या वळणात संपतं ते लिहा. माझ्या डेकचं ते बहुतेकदा पाचव्या वळणात संपतं. तुमचं आठव्यात संपत असेल तर डेकला समोरच्याला अडवणारी कार्डं हवीत, नाहीतर पॉपरमधले वेगवान डेक तुम्हाला गाठतील.

मग चिठ्ठ्यांचे डेक बनवा. नेहमी भेटणारे प्रकार असे: लाइटनिंग बोल्टसारख्या कार्डांनी थेट लाइफ जाळणारा लाल डेक, आर्टिफॅक्ट लँडवर चालणारा अॅफिनिटी, टोलेरियन टेरर खेळणारा निळा-काळा डेक, उडणाऱ्या फेअरींचा निळा डेक, आणि एल्व्ह्जचा हिरवा. प्रत्येकाविरुद्ध दहा डाव साइडबोर्डशिवाय आणि दहा साइडबोर्डसह. माझा भाऊ मन लावून समोरचा डेक चालवतो, मला जिंकू देत नाही. असाच जोडीदार शोधा.

वहीत फक्त जिंकलो-हरलो लिहून भागत नाही. हरलो तर का, ते एका ओळीत. ‘दोन लँडवर अडकले’, ‘वुल्फ नव्हता, बोगल बळी गेला’, ‘क्रिप्ट रॅट्सने सगळं मैदान साफ केलं’. वीस डावांनंतर एकच कारण पाच वेळा दिसलं तर डेक बदला. एका वेळी दोनच कार्डं बदला. जास्त बदललीत तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

साइडबोर्ड या वहीतूनच निघतो. माझा असा: लाल डेकसाठी ४ वेदर द स्टॉर्म, अॅफिनिटीसाठी ४ नेचर्स क्लेम, फेअरींसाठी ४ स्कॅटरशॉट आर्चर, स्मशानावर जगणाऱ्या डेकसाठी ३ रेलिक ऑफ प्रोजेनिटस. आत काय घालायचं हे सगळे ठरवतात, बाहेर काय काढायचं ते ठरवत नाहीत. दोन्ही कागदावर लिहा. दोन डावांच्या मध्ये तो कागद पाहायला परवानगी असते. डाव सुरू असताना नाही.

ओट्यावरच्या काही सवयी आधीच मोडाव्या लागतात. आमच्याकडे पाहणारा प्रत्येक जण बोलतो, “अबे, तो अडव ना!” टूर्नामेंटमध्ये बाहेरून सल्ला देणं आणि घेणं दोन्ही नियमाबाहेर आहे. सोबत येणाऱ्या भावाला, मित्राला हे बजावून ठेवा. दुसरी सवय म्हणजे खेळलेलं कार्ड परत उचलणं. घरी चालतं, तिथे नाही. सरावाच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ‘ठेवलं ते ठेवलं’ असाच खेळतो.

पिसण्याचाही सराव करा. ५२ पत्त्यांचा कॅट नीट मिसळायला सात वेळा पिसावा लागतो हे १९९२ साली गणितज्ञांनी दाखवलं होतं. ६० साठी सात-आठ वेळा पिसा. ढीग लावत कार्डं वाटून घेण्याने कार्डं मिसळत नाहीत, मोजली जातात फक्त. डावाच्या सुरुवातीला एकदाच ते करायची मुभा असते. नंतर डेक समोरच्याला काटायला द्यायचा आणि त्याचाही घ्यायचा.

निघण्याचा दिवस

फोनमध्ये मॅजिकचं कंपॅनियन ॲप आधीच उतरवून खातं उघडून ठेवा. बहुतेक दुकानं नावनोंदणी त्यावरच घेतात, आणि ऐन वेळी ईमेलवरचा कोड यायला नेटवर्क नसलं तर घाम फुटतो. बाकी सामान थोडं: डेक, साइडबोर्ड, जादा स्लीव्ह, कोरी वही, दोन पेनं, काही फासे, पाण्याची बाटली. लाइफ वहीतच लिहा, दोघांचंही. फासा धक्क्याने पालटतो आणि मग वाद होतो. वाद झाला तर लिहिलेला आकडाच कामी येतो.

आम्ही आर्वीहून पहाटेच्या एसटीने पुलगाव गाठतो, तिथून रेल्वेने नागपूर. स्टेशनवरून मेट्रोने सीताबर्डी. पोचल्यावर तर्री पोहे खाण्याचा मोह होतो, खावेतही, पण हात साबणाने धुवून मगच डेकला हात लावा. तेलाचा डाग लागलेली स्लीव्ह म्हणजे पुन्हा खुणेचं कार्ड. दुपारसाठी घरचा डबा घ्या. फेऱ्यांमधल्या वेळात जेवण शोधत फिरणं परवडत नाही.

परतीची शेवटची गाडी हा गावातल्या खेळाडूचा सगळ्यात मोठा नियम. एक फेरी ५० मिनिटांची असते. ८ खेळाडूंना ३ फेऱ्या, १६ पर्यंत ४, ३२ पर्यंत ५ असा साधारण हिशेब असतो. मध्ये जाणारा वेळ धरला तर चार फेऱ्यांना साडेचार तास धरा. मी वेगवान डेक खेळते त्यामागे हेही एक कारण आहे. माझे सामने अर्ध्या तासात संपतात आणि उरलेल्या वेळात जेवता येतं, डोळे मिटून बसता येतं. सावकाश अडवत खेळणारा डेक घेऊन गेलात तर प्रत्येक फेरी शेवटच्या मिनिटापर्यंत जाते. गाडीसाठी मध्येच निघावं लागलं तर पुढच्या फेरीच्या जोड्या लागण्याआधी आयोजकांना सांगून नाव काढून घ्या. न सांगता गेलात तर समोरचा खेळाडू रिकाम्या खुर्चीपुढे बसून राहतो.

टेबलावर

जोड्या स्विस पद्धतीने लागतात. हरलात तरी बाहेर जात नाही, पुढच्या फेरीत तुमच्याएवढेच गुण असलेला भेटतो. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीला १. पहिला सामना हरलेल्या घरच्या डेकला म्हणूनच पुढे संधी असते. घाबरून डेक बदलावा असं वाटतं, तो विचारच नको.

समोरचा शहरातला, वर्षानुवर्षं खेळणारा, महागड्या स्लीव्ह आणि छापील चटई घेऊन बसलेला असेल. तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी त्याच्याकडे नाही. त्याचा डेक तुम्ही वीस वेळा खेळला आहात आणि तुमचा डेक त्याने कधीच पाहिलेला नाही. पहिल्या डावात तो चुकीची कार्डं राखून ठेवतो, चुकीच्या प्राण्याला अडवतो. दोन डावांमध्ये साइडबोर्ड बदलतानाही त्याचा अंदाज चुकतो. म्हणून जिंकायला गरज नसलेलं कार्ड दाखवू नका. पहिला डाव रँकरवरच संपत असेल तर अँसेस्ट्रल मास्क हातातच राहू द्या. फेऱ्यांच्या मध्ये डेक टेबलावर पसरून बसू नका.

कार्डाचा मजकूर समजला नाही तर हात वर करून पंचाला बोलवा. लाजू नका. इंग्रजी अडत असेल तर मराठीत विचारा. नागपुरात मला एकदाही कोणी त्यावरून हिणवलं नाही. पंचाला बोलावणं म्हणजे समोरच्यावर आरोप करणं नव्हे.

एक इशारा फार महत्त्वाचा आहे. वेळ संपत आली, डाव अडकला, आणि कोणी म्हणालं की चला नाणं उडवून ठरवू, तर हो म्हणू नका आणि स्वतःहूनही सुचवू नका. सामन्याचा निकाल नाण्यावर किंवा फाशावर ठरवणं, किंवा बक्षिसाचा वाटा देऊन समोरच्याला हार मानायला सांगणं, हे गंभीर गुन्हे आहेत आणि त्यासाठी टूर्नामेंटमधूनही काढू शकतात. ओट्यावर निरागस वाटणारी गोष्ट इथे दिवस संपवू शकते. बरोबरी मान्य करायची असेल तर ती सरळ मान्य करता येते, पण बदल्यात काही देऊ-घेऊ नका.

सामना झाला की हात मिळवा आणि विचारा, “माझ्या डेकमधलं कोणतं कार्ड तुम्हाला जड गेलं?” लोक मनापासून सांगतात. मला एका दादांनी सांगितलं की सॅव्हेज स्वाइप, म्हणजे माझ्या प्राण्याला त्यांच्या प्राण्याशी लढायला लावणारं कार्ड, त्यांना कधीच जड जात नव्हतं. त्यांच्याकडे मारण्यासारखे छोटे प्राणीच नव्हते, आणि ते कार्ड माझ्या हातात पडून राहायचं.

परतीच्या गाडीत, सिंदी स्टेशन येईपर्यंत, वही उघडून चारही फेऱ्या लिहून काढा. घरी गेल्यावर गुरं, स्वयंपाक, झोप यात अर्धं विसरलं जातं. समोरचा डेक कोणता, डाव कितव्या वळणात संपला, कोणतं कार्ड हातात नुसतं बसून राहिलं. गेल्या खेपेच्या पानावर माझं लिहिलेलं आहे: ‘दोन जिंकले, दोन हरले. सॅव्हेज स्वाइप ४ वरून २. फॉरेस्ट १७ वरून १८. एक जागा रिकामी, भावाला विचारायचं.’